अस्वल येऊन राह्यलं

केवळरामच्या डोक्यावर अस्वलाच्या नखांच्या चार रेघा होत्या आणि डावा कान अर्धाच उरला होता. आलापल्लीच्या सागवान डेपोत तो अकरा वर्षं रोजंदारीवर राबत होता. अस्वलाने त्याला फाडलं ते जंगलात वणवा अडवायची जाळरेषा साफ करताना, म्हणजे चक्क सरकारी कामावर. पण ऑफिसातला बाबुलाल बाबू म्हणे, "पुरावा काय? मोहफुलं वेचाले गेला असशील." झालं! या एका शेऱ्यापायी कायम व्हायची फाईल अडली. अर्धा कान काय हौसेने काढून ठेवला होता का त्याने? पण बाबूशी कोण डोकं लावणार!

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात नवे साहेब आले, मद्रासकडचे. मराठीचा गंध नाही, हिंदीचा आनंदच. म्हणाले, त्या माणसाच्या तोंडून ऐकतो आणि मग ठरवतो. आता मध्ये बाबुलाल दुभाषा बसला तर अस्वलाची शेळी करून टाकेल, हे केवळराम ओळखून होता. त्याने शाळेतल्या देवराव गुरुजींचे पाय धरले.

"गुरुजी, मले इंग्रजीत सांगाले शिकवा."

गुरुजी शिस्तीचे. "घडून गेलेलं भूतकाळातच सांगायचं. बेअर केम. आय रॅन. आय फेल."

"पन गुरुजी, केम म्हनलं का ते येऊन गेलं. मंग आयकनारा भिईल कायले?"

"तुले परमनंट व्हायचं हाय का नाटक करायचं हाय?"

 केवळराम आठ दिवस उठता-बसता केम-रॅन-फेल घोकत राहिला. बायको, कुंता, पार वैतागली. "अवो, भात तरी मराठीत खा!"

ठरल्या दिवशी तो साहेबांसमोर खांबासारखा उभा राहिला. "बेअर केम. आय रॅन. आय फेल. बेअर बाइट."

संपलं! आठ दिवस घोकलेलं अस्वल अर्ध्या मिनिटात येऊन गेलं. साहेबांनी जांभई दिली. बाबुलाल मिशीतल्या मिशीत हसला. 

त्या मुलखात गोष्ट सांगायची तर समोर कुणीतरी हुंकार द्यावा लागतो. हुंकार नाही तर गोष्ट मेली म्हणून समजा. डबा घेऊन दारात उभ्या असलेल्या कुंताला ही शांतता सोसवेना. ती सवयीने म्हणाली, "हूं."

बस्स! केवळरामच्या अंगात आलं. गुरुजींचा भूतकाळ गेला चुलीत. "सर! बेअर इज कमिंग! बिग! ब्लॅक! आय ॲम रनिंग! बेअर इज रनिंग!" तो टेबलाभोवती धावत सुटला. दारातून हूं, हूं चालूच. तिसऱ्या फेरीला साहेबांनी पाय खुर्चीवर घेतले आणि तेही म्हणाले, "हूं!" केवळराम फरशीवर उताणा पडला. "बेअर इज सिटिंग ऑन मी, सर! माय इअर इज गोइंग!"

एवढ्यात बाबुलालने घड्याळ पाहिलं आणि ओरडला, "पाच वाजले! रोजंदारीवाले बाहेर!"

अकरा वर्षांची सवय, दुसरं काय! केवळराम उठला, धूळ झटकली आणि टोपी घेऊन निघाला.

साहेब ताडकन उभे राहिले. "स्टॉप! बेअर इज ऑन हिम! हाऊ कॅन ही गो होम?"

बाबुलालने नियम दाखवला. साहेबांनी फाईल ओढली, 'कामावर असताना' असं इंग्रजीत लिहिलं, 'कायम करावे' असंही लिहिलं आणि सही ठोकली. "नाऊ परमनंट! नो फाइव्ह ओक्लॉक! देन?"

गावात ही गोष्ट सांगताना इथून पुढे केवळराम अस्वलाला एकट्यानेच लोळवायचा. पण आज तो त्या सहीकडेच बघत राहिला.  साहेबांनी कुंताकडे पाहिलं.

"मंग का, साहेब," कुंता म्हणाली, "मी आली. कुऱ्हाड घेऊन."

साहेबांना अक्षर कळलं नाही. बाबुलाल तर मुद्दामच गप्प. केवळरामने बाहीने डोळे पुसले, बायकोकडे पाहिलं, थोडा लाजला.

"सर," तो म्हणाला, "शी इज कमिंग."