जीप बघायला जाणारे नंदोई

माझ्या नणंदेच्या यजमानांइतका निर्णयाचा आनंद उपभोगणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही. लोक एका दुपारी प्लॉट घेतात, मुलीचं लग्न ठरवतात आणि संध्याकाळी निवांत चहा पितात. आमच्या नंदोयांना चपला घ्यायच्या तरी दोन ऋतू लागतात. चित्रकलेचे शिक्षक म्हणून ते निवृत्त झाले तेव्हा शाळेने विचारलं, निरोपाला भेट काय आणू? "कळवतो," म्हणाले. शाळा अजून वाट बघते आहे. अशा माणसाने रविवारी भटकायला जुनी जीप घ्यायचं मनावर घेतलं, आणि समोर एक नव्हे, दोन जीपा आल्या, तेव्हाच मी ओळखलं की आता काही खरं नाही.

पहिली दुसरबीडला, एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी उभी. पेट्रोलवर चालणारी, ताडपत्रीचं टप, दारं नाहीत, पुढची काच बॉनेटवर आडवी पडते आणि मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालतात. दुसरी मोताळ्याच्या एका गॅरेजात. डिझेलची, पत्र्याचं छत, कड्या लागणारी दारं, चढायला पायरी. हिचीही तिशी उलटलेली, पण पहिलीपुढे ती पोरसवदाच. म्हणून दुसरबीडची थोरली आणि मोताळ्याची धाकटी. या दोन जावांमध्ये आमचे नंदोई असे अडकले की दीड वर्ष आमच्याकडे दुसरा विषय निघाला नाही. एका रविवारी दुसरबीड, दुसऱ्या रविवारी मोताळा. एसटीने जायचं, जीपभोवती फिरायचं, चाकांवर टिचक्या मारायच्या, चहा घ्यायचा आणि "कळवतो" म्हणून परत यायचं. दोन्ही मालकांना त्यांची इतकी सवय झाली की एखादा रविवार चुकला तर तब्येत विचारायला फोन येई.

सल्ला तर ते कुणालाही विचारत. शेजारच्या तेराव्याला पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी भटजींना विचारलं, "महाराज, स्टेअरिंग जड बरं का हलकं?" भटजी भातावरचा हात न थांबवता म्हणाले, "घरी सावली आहे का ते पाहा आधी." हे त्यांना इतकं पटलं की पुढचा महिना ते अंगणात कडुनिंबाची सावली कुठून कुठे सरकते याची चित्रं काढत बसले. जुन्या गाडीचा क्लच अंगवळणी पडावा म्हणून नणंदेच्या शिलाई मशीनचा पायटा दाबत बसायचे. आतून ती ओरडायची, "अहो, सुई तुटन ना! माहा ब्लाउज अर्धा राह्यला त्याच्यात!" हे म्हणायचे, "थांब, घाट चढून राह्यलो."

एकदा मी सरळच विचारलं. माझ्याकडे चारचाकी आहे, मी ती रोज चालवते, आणि दीड वर्ष कुणी दोन डबड्यांमध्ये घालवावं हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. "भाऊजी, फिरायचंच आहे तर माझी गाडी घेऊन जा. भाजी आणली की रविवारी उभीच असते."

ते ओट्याला टेकून उभे होते. आत नणंद झोपली आहे याची खात्री करून हळूच म्हणाले, "वैनी, तुमच्या गाडीत बसली की तिले दवाखानाच आठवते."

मग माझ्या लक्षात आलं. नणंदेच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा नेणं, आणणं, पुन्हा दाखवणं, सगळं माझ्याच गाडीतून. एरवी ही बाई आठवडी बाजारात सगळ्यांच्या पुढे असायची. गुडघे बरे झाले, डॉक्टर म्हणाले फिरा, पण ती उंबऱ्याबाहेर पडेना. भजनाला नाही, हळदीकुंकवाला नाही. कुणी आग्रह केला की म्हणायची, "पाहू पुढच्या खेपी."

"जी गाडी कधी दवाखान्यात गेलीच नाही, अशी पाह्यजे," नंदोई म्हणाले. "तिच्यात बसन ती. मले वाटते, बसन." त्यानंतर मी त्यांच्या जीपांना डबडी म्हणणं सोडलं.

शेवटी निकाल लावायला त्यांनी दही काढलं. हिसक्यांनी बायकोच्या गुडघ्यांना त्रास होऊ नये, म्हणून मालकांना विचारून दोन्ही जीपा एकेकदा गावाबाहेर फिरवून आणल्या, शेजारच्या सीटवर घट्ट दह्याची कासंडी ठेवून. धाकटीतलं दही विळीने कापावं असं परत आलं. थोरलीने ताक केलं, वर लोण्याचा गोळाही काढून दिला. मालकाने तिथल्या तिथे मीठ मागवलं आणि दोघांनी ताक पिऊन टाकलं. नंदोई घरी आले ते पडल्या चेहऱ्याने, कारण मन थोरलीवर होतं. पण म्हणाले, "धाकटीच घेतो." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून 'घेतो' हा शब्द ऐकला.

गॅरेजवाल्याने एका दिवसासाठी धाकटी घरी नेऊ दिली. राजूर घाट चढून ती दारात आली तेव्हा मीही हजर होते. नणंद आरतीचं ताट घेऊन दाराशी आली, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. मग ऊन तिरपं पडलं होतं त्या बाजूने वाकून दाराकडे बघत राहिली. पिवळट रंगाखालून एक लाल पट्टा आणि त्याखाली 'रुग्ण' एवढी अक्षरं डोकावत होती. पुढचं गंजात गेलं होतं. ही धाकटी तरुणपणी खेडोपाडी बाळंतिणी वाहायची, हे नंदोयांना टिचक्या मारून काही कळलं नव्हतं.

नणंदेने कंबरेवर हात ठेवला. "काऊन हो, मले अजून एकदा भरती करता का?"

नंदोयांचा चेहरा असा झाला की बघवेना. आणि नणंद हसायला लागली. ताट माझ्या हातात देऊन पायरीवर बसली आणि डोळे पुसत पुसत हसली. ऑपरेशननंतर तिला मी अशी पहिल्यांदाच बघत होते. हसणं आवरल्यावर म्हणाली, "अन् ते थोरली का काय, ते कशी आहे? चाला, दाखवा. वैनी, काढा तुमची गाडी. उद्याच जाऊ."

दवाखाना आठवून देणारी माझी गाडी तिने आपल्या तोंडाने मागितली होती. मी संध्याकाळीच टाकी भरून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसली. चिखली ओलांडली तशी पेरू घ्यायला थांबवलं, मग चहाला, मग शेतात कुणाची तरी कपाशीची पऱ्हाटी चांगली आली म्हणून उगीचच.

दुसरबीडला मालकाने कोंबड्या उठवल्या. थोरलीला पायरी नाही. नंदोई मागे दोन्ही हात पसरून उभे राहिले, जणू ती माडीवरून उडी मारणार होती. "सरका तिकडं, मले चढू द्या," असं म्हणत तिने दांडा धरला, एक गुडघा वर घेतला, थांबली, दुसरा घेतला आणि बसली. दोघं गाडरस्त्याने बैलगाडीच्या चालीने गेली. मी बाजेवर बसून बराच वेळ बघत होते. ताडपत्री फडफडत होती, आणि इंजिनापेक्षा नणंदेचाच आवाज जास्त येत होता.

परत आल्यावर मालकाने विचारलं, "मंग, ठरलं?" नंदोयांनी बायकोकडे पाहिलं. माझी नणंद साडीच्या दुकानात सगळी थप्पी खाली उतरवल्याशिवाय उठत नाही, आणि पहिल्या दुकानात तर घेतच नाही. तिने जीपभोवती एक चक्कर मारली. "चांगली आहे. पण आणखी चार पाहू. कळवतो म्हना."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघं माझ्या फाटकाशी उभी असतात. तिच्या हातात डब्याची पिशवी, त्यांच्या हातात कुणीतरी सांगितलेला पत्ता. "वैनी, सोनाळ्याकडं एक आहे म्हनतात, मूळ रंगातली." मी चावी देते. संध्याकाळी परत येतात तेव्हा त्या जीपेत काय काय खोट होती ते नणंदच सांगते, हातवारे करून, आणि नंदोई नुसते मान हलवतात. एखादी जीप खरंच पसंत पडली तर, असा विचार मनात येतो, आणि मग वाटतं, इतक्यात नको. रविवारचा भाजीबाजार मी आता पायीच करते.