पत्त्याआधी माझं नाव

अमेरिकेत हर्नडनला आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट होती, आणि तिच्यावर नव्याने आलेल्या बायकांसाठी एक पान होतं. त्यात लिहिलेलं: 'ड्रायव्हिंग लायसन्सबद्दल आपल्या यजमानांना विचारावे.' दोन हजार आठ साल, आणि हे! मी नागपूरला कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटलेली मुलगी. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसाने माझ्या नोकरीला बंदी केली होती, तोंडाला नाही. शनिवारी लायब्ररीत नव्या मंडळींचा मेळावा होता आणि हेच पान पडद्यावर दाखवणार होते. त्याआधी ती ओळ उडवायचीच.

पण साइटच्या फाइली गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, आणि तिथे बदल पुश करायचा, म्हणजे सर्व्हरवर चढवायचा, हक्क साइट सांभाळणाऱ्या मंडळातल्या एकट्या काकांना. बाकीच्यांनी ईमेल करायची. काका रविवारी लॉन कापून झालं की बदल चढवणार.

"ही मक्तेदारी आहे," मी फोनवर सुनावलं.

"मग ये की घरी. तुझंही खातं उघडतो. काकू पोहे करतेय."

नवऱ्याचा लॅपटॉप आणि नवरा, दोन्ही घेऊन गेले. काकांनी सर्व्हरवर माझ्या नावाचं खातं काढलं, माझी ओळख पटवणारी पब्लिक की त्यात टाकली. मी ओळ बदलली, पुश केलं. स्क्रीनवर उत्तर आलं: परवानगी नाही.

"बघा! वाचायला मोकळीक, लिहायला बंदी. हेच चाललंय सगळीकडे!"

"अगं, भाषण नंतर." काकांनी सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोण आलं-गेलं त्याची नोंद, उघडला आणि हसतच सुटले. "दारात तू नाहीसच. तुझा नवरा उभा आहे!"

लॅपटॉपवर लॉगिन त्याचं. सर्व्हरच्या पत्त्यात मी नाव घातलं नव्हतं, म्हणून मशीन आपलं त्याचंच नाव सांगत होतं.

"यार, मी तर पोहे खातोय," नवरा म्हणाला.

"इथेसुद्धा यजमानच!" मी ओरडले.

"मग घाल ना तुझं नाव," काकू म्हणाल्या. "अडलंय कुठे?"

सेटिंगची फाइल उघडली. पत्त्याच्या आधी माझं नाव, मग ॲटचं चिन्ह. सेव्ह. पुन्हा पुश. ओळी सरसर पळाल्या आणि गेलं! मी अशी उडी मारली की नवऱ्याचे पोहे त्याच्याच शर्टावर.

शनिवारी पडद्यावर पान उघडलं: 'लायसन्सची टेस्ट स्वतः द्या. विचारायचंच असेल तर मला विचारा, गाडी मी शिकवते.' खाली माझं नाव. चहाच्या आधीच तिघी जणी पार्किंग लॉटमध्ये माझी वाट पाहत होत्या. गाडी अर्थातच नवऱ्याची. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.