ठमीचा तांब्याचा हंडा

सापगावच्या ठमीच्या घरात पिण्याचं पाणी एकाच हंड्यात असे. हंडा तांब्याचा, माहेरून आलेला. दारात नळ आला तरी ठमी पाणी रात्रभर हंड्यात ठेवी आणि सकाळी पहिला पेला नातीला, चार वर्षांच्या मनस्वीला पाजी. "तांब्यातलं पानी हाय, डोकं चालंल पोरीचं," म्हणे.

शिमग्याच्या सुमारास हंडा बुडाशी गळू लागला. तिचा मुलगा साईनाथ कामावरून आला की भातसा नदीत मासे धरायला पाग टाकी. पागाच्या जाळ्याला वजन म्हणून लावायचं शिसं तो जुन्या बॅटऱ्या फोडून, वितळवून घरीच काढी. त्यातलंच चमचाभर त्याने भोकावर ओतलं. गळती थांबली. ठमी रोज चिंचेने हंडा आतून घासी, तसा तो राखाडी ठिपका चांदीसारखा उजळे. पाणीसुद्धा थोडं गोड लागू लागलं. साईनाथ दिवसभर बाहेर असे. त्याची बायको कुणाली भिवंडीकडची. तिला तांब्याचा वास येई, म्हणून ती नळाचंच पिई.

पावसाळ्यात मनस्वीचं पोट दुखू लागलं. मग शब्द हरवू लागले. शेळीकडे बोट दाखवी, ओठ हलत, नाव काही येत नसे. भरदुपारी भिंतीकडे तोंड करून बसे आणि हाक मारली तरी वळत नसे. ठमीचा उजवा पंजाही मनगटातून लोंबायला लागला.

शेजारची रंगू ओटीवर येऊन बसली. "आजी-नात वाळत चालल्या, सून तेवढी ठणठणीत. बघ गो ठमे, कोनाचा हात हाय त्यो."

ठमीने कुणालीच्या हातचं खाणं सोडलं. नातीला आपल्याजवळ निजवू लागली. हंड्यावर झाकण, झाकणावर पाटा. "माज्या हातच्या पान्याशिवाय पोरीला काय द्यायचं नाय." पोर कण्हली की आणखी एक पेला.

"आई, दवाखान्यात नेऊ या ना तिला," कुणाली म्हणाली.

"तू नको शिकवू. तुला बरं काय होत नाय?"

एका सकाळी पोरीचे डोळे फिरले, अंग ताठ झालं. कुणालीने कुणाला विचारलं नाही. रिक्षाने शहापूर, तिथून कल्याण. साईनाथ कामावरून थेट तिकडे पोचला. रक्तात शिसं निघालं.

"घरात शिसं कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पागाला हाय. पन पोर त्याला हात नाय लावत," साईनाथ म्हणाला. मग त्याला ती गळती आठवली. "हंड्याला लावलंय."

साईनाथने सांगितलं तरी ठमीला पटेना. "इख असतं तर कडू नसतं लागलं?" मग बुडातला उजळ ठिपका बघताना तिला आठवलं, पाणी गोड लागू लागलं ते त्यानंतरच. भंगारवाला दारात आला, तेव्हा तिने हंडा दिला नाही. कोणीतरी पुन्हा पाणी भरायचं त्यात. तिने तो परसात नेला, पण हातोडी तिच्या पंजात टिकेना. कपडे न्यायला घरी आलेल्या कुणालीला तिने हाक मारली.

"तू मार."

कुणालीने हंडा चपटा होईपर्यंत मारलं.

मनस्वी घरी आली ती शब्द थोडेसे परत घेऊन. शेळी, भात, आई. गेलं ते सगळंच येईल असं नाही, डॉक्टर म्हणाले होते. कुणालीच्या कडेवरून ती ठमीला निरखत राहिली.

"आई, ही कोन?"

ठमीने लोंबता हात पदराखाली घेतला आणि परक्या माणसाला सांगावं तसं आपलं नाव सांगितलं.