मधयंत्राचं झाकण

हे कोणालाच माहीत नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. मशिदीत हात वर केले तरी 'माफ कर' एवढंच म्हणतो — कशाबद्दल, ते तिथंही तोंडातून निघत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. दुसरं काय?

विसरवाडीत हायवेला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रकच्या टाक्या, लोखंडी खाटा, काय म्हणाल ते. डोंगराकडच्या एका पाड्यावर बाया मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात, त्यांचं मध काढायचं मशीनही मीच बघतो. स्टीलचं पिंप, आत जाळीचा पिंजरा, वर हँडल. पोळ्याच्या चौकटी पिंजऱ्यात उभ्या करायच्या, हँडल फिरवायचं, मध उडून पिंपाला लागतो आणि खालच्या तोटीतून येतो. हँडलचे दातेरी गिअर वर उघड्यावरच बसवलेले असतात. म्हणून त्यांच्यावर पत्र्याचं झाकण असतं. तळहाताएवढं.

आठ वर्षांपूर्वी मशीन कुरकुरतंय म्हणून दुकानात आलं. कुरकुर कसली — झाकण चेपून गिअरला घासत होतं. मी ते काढलं, गिअर धुतले, खायचं तेल सोडलं. ग्रीस चालत नाही, मधात उतरतं. झाकण ठोकून सरळ करायचं तेवढं राहिलं. दहा मिनिटांचं काम! तेवढ्यात मशीन पाड्यावर परत नेणारा जीपवाला सवाऱ्या भरून ओरडायला लागला, "चाचा, आवरा ना, मन्ही जीप भराई गयी." आणि मी? मशीन तसंच जीपवर चढवलं. झाकण दुकानातल्या खिळ्याला अडकवलं. म्हटलं, पुढच्या बाजाराला देऊ पाठवून, एवढ्यात काय होतंय?

झालं.

वंतीबाई फिरवत होती. त्या बायांच्या गटात तिच्यासारखा हात कोणाचा नव्हता. अळ्या असलेली चौकट ती पिंजऱ्यात जाऊच द्यायची नाही, आणि हळू सुरू करून असा वेग धरायची की पोळं मोडायचं नाही. पण हँडल सोडलं तरी पिंजरा गरगरत राहतो. तिचा पदर गिअरमध्ये गेला, तो ओढायला तिनं उजवा हात घातला. दोन बोटं गेली. चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं, पण तोवर काही उरलं नव्हतं.

निरोप आला तेव्हा मी दवाखान्यात धावलो का? नाही. खिळ्यावरचं झाकण काढलं, ठोकून सरळ केलं, पिशवीत घातलं आणि पाड्यावर गेलो. सगळे तिच्याबरोबर गेलेले. शेडमध्ये मी एकटा. गिअरच्या दातांवर रक्त होतं, तोटीतून मध अजून टपकत होता. झाकण पिंपाच्या पायाशी ठेवलं, त्यावर दोन स्क्रू — धुताना कोणी काढून ठेवावं, तसं. मांडताना काही चुकलं का? नाही हो. मिस्तरीचा हात आहे.

आठवड्यानं त्याच शेडमध्ये गटाची बैठक झाली. वंतीबाई ठाम म्हणाली, "झाकण नव्हतंच." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी बसवूनच दिलं होतं. धुताना तूच काढलं असशील, बाई." झाकण समोर पडलेलं. पुरावाच की! तिचा नवराही तिच्यावर वसकला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना — इथं दोर चोरानंच वळला होता. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून ती किती तरी वेळ झाकणाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "चाचा खोटं कशाला बोलेल? काढलं असेल मीच."

तेव्हा तरी बोलायचं ना? जीभ झडली होती का माझी? भीती एवढीच, की पाड्यांवरचं काम तुटेल, बाजारात लोक बोट दाखवतील. त्यासाठी एका बाईला तिच्याच डोळ्यांवरचा भरवसा सोडायला लावला मी. लाज वाटते. स्वतःची किळस येते.

हंगामाला मी अजून मशीनला तेल घालायला जातो. वंतीबाई आता हँडल धरत नाही, नव्या बायांना शिकवते. उरलेल्या तीन बोटांचा हात पुढे करून सांगते, "बघा, मी झाकण काढलं होतं. माझी चूक. तुम्ही काढू नका." आणि माझ्याकडे बघून विचारते, "खरं ना, चाचा?"

बाया मान डोलावतात. मीही डोलावतो.