टूलरूमचा सॅक्सोफोन

भर कार्यक्रमात मी सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला हात करून थांबवलं होतं, आता काय सांगायचं! परवा खंडेनवमीला मुलाच्या चाकणच्या वर्कशॉपमध्ये झेंडू आणि मशीनच्या तेलाचा तोच वास आला आणि पुन्हा हसू फुटलं. माझ्या तरुणपणी भोसरीच्या एका कंपनीत कामगारांचा जॅझ बँड होता. खंडेनवमीच्या पूजेनंतर माझं एक गाणं व्हायचं होतं, ते जमलं तरच मला बँडमध्ये घेणार होते. शब्द माझेच, त्यामुळे तोरा विचारू नका. हार घातलेल्या मशीनांपुढे सगळी शिफ्ट बसलेली. पहिलं कडवं संपलं आणि टूलरूममधले काका सॅक्सोफोनवर चाल सोडून भलतंच वाजवायला लागले. जॅझमध्ये वाजवणारा मधेच मनाचं वाजवतो, हे भावगीतं म्हणत वाढलेल्या या शहाणीला कुठं ठाऊक! मी हात करून त्यांना थांबवलं आणि माइकवरच म्हणाले, "काका, चुकताय!" हशा पिकला. काकांनी मुकाट्यानं मूळ चाल धरली, गाणं पार पाडलं. मी रडवेली होऊन चप्पल शोधत होते. त्या बँडबरोबर पुढं मी केस पिकेपर्यंत गायले, ते काकांच्या तेव्हाच्या बोलण्यामुळं. सॅक्सोफोन फडक्यानं पुसत ते म्हणाले, "पोरी, ठरलेलं काम तर आमचं मशीनपण करतं. रविवारी तालमीला ये, तुला चुकायला शिकवतो."