सोपानआबांच्या नावाची पाटी

पत्रकं चिकटवायची खळ शिजत आली की त्या कणकेच्या वासानं मला शिरड शहापूरची जत्रा आठवते. तिथल्या तंबूतल्या सिनेमाच्या पोस्टरांना असाच वास होता.

त्या वर्षी लागलेला सिनेमा आमच्या गल्लीतल्या सोपानआबांनी काम केलेला होता. तरुणपणी त्यांनी कितीतरी सिनेमांत गडी, पाटलाचा माणूस, सावकाराचा दिवाणजी अशी कामं केलेली. तंबूवाला सुरुवातीच्या नावांच्या पाट्या नेहमी गाळायचा, कारण लोक ओरडायचे. त्या दिवशी आबा उठून थेट झोतात उभे राहिले. पडद्यावर नुसती त्यांची सावली.

"बस की खाली, म्हाताऱ्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

"पाट्या दाखव आधी."

"नावं कोण वाचतंय, आबा?" तंबूवाला वैतागला.

"ज्याचं हाय, तो वाचतो."

रीळ पुन्हा लावलं. नायक, नायिका, केस विंचरणारासुद्धा आला. शेवटी 'आणि इतर'. आबांचं नाव नव्हतंच. ते खाली बसले, माझ्याकडं बघून हसले.

"इतर म्हंजे मीच की, पोरी."

तेव्हा मीही हसले. आज नुसती चीड येते.

आबा गेले. गावात नवं सभागृह झालंय, आणि नाव देताहेत पुढाऱ्याच्या वडिलांचं, ज्यांनी कधी नाटकाचा पडदासुद्धा ओढला नाही. उद्घाटनाच्या निमंत्रणात आबा कुठं? 'गावातील इतर कलावंत.'

सभागृहाच्या दारावरच मी पहिलं पत्रक चिकटवलं. सगळ्यात मोठ्या अक्षरांत एकच नाव: सोपान खिल्लारे.

"उद्या फाडून टाकू," सरपंच म्हणाले.

"फाडा. खळ भरपूर शिजवलीय."