आखूड झालेली कॉइल

शेगडीवाले अण्णा गिऱ्हाईक समोर बसल्याशिवाय शेगडीचा एक स्क्रू सोडवत नसत. नाशिकरोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची विजेच्या शेगड्या दुरुस्त करायची टपरी. शेगडी ठेवून भाजी आणायला जाते म्हटलं, की म्हणायचे, "मग शेगडीपण घेऊन जा." बायका चिडायच्या. मीही चिडायची, खोटं कशाला सांगू.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एकलहऱ्याला कामावर जाणाऱ्या आठ जणांचे डबे मी विजेच्या शेगडीवर करायची. कॉइल तुटली, की जळका तुकडा टाकायचा आणि टोकं एकमेकांत अडकवायची, ही आम्हा सगळ्या बायकांची हुशारी. दर जोडणीला कॉइल जास्तच लाल व्हायची, भात लवकर शिजायचा. मला वाटायचं, काय हात आहे माझा.

एका सकाळी भिंतीवरचं सॉकेटच वितळलं. घरमालक तात्या धावत वर आले. शेगडी बंद करा, नाहीतर खोली सोडा, म्हणाले. शेगडी गेली काय नि खोली गेली काय, डबे जाणारच होते. मी डोळे पुसत अण्णांसमोर जाऊन बसले.

अण्णांनी कॉइलला मीटर लावलं. त्यांची भाषा तीन शब्दांची: दाब म्हणजे व्होल्टेज, धार म्हणजे करंट, अटकाव म्हणजे रेझिस्टन्स. "दाब तोच आहे वहिनी, दोनशे तीस. तुम्ही तार आखूड केली, अटकाव कमी झाला. मग धार वाढणारच." नव्या कॉइलचा अटकाव अठ्ठेचाळीस, माझ्या कॉइलचा उरला होता तीस. दाबाला अटकावानं भागा म्हणाले, आणि खडू दिला. चौथी शिकलेली मी, फरशीवर भागाकार मांडला. नवीची धार पावणेपाच, माझ्या जोडकामाची साडेसातच्या वर. आणि सॉकेट सोसणार पाच.

नवी कॉइल, नवं सॉकेट बसवायला अण्णा घरी आले. तात्या त्यांनाच विचारायला लागले, आता शेगडी चालेल का, तर अण्णा म्हणाले, "वहिनींना विचारा." मी पुन्हा सगळा भागाकार करून दाखवला. तात्यांनी आकडे वाचले आणि मला विचारलं,

"आणि परत तुटली तर?"

"जोडणार नाही. पूर्ण लांबीची नवी घालीन."

तात्या खाली उतरले. डबे वाचले.

पुढे घरोघरी गॅस आला, टपरी बंद झाली. अण्णा चांदवडला मुलाकडे निघाले, त्या दिवशी मी त्यांना जेवायला बोलावलं. म्हटलं, अण्णा, तेव्हा माझा भागाकार चुकला असता तर तुम्ही सावरून घेतलं असतंत ना?

"नाही. मीच तात्यांना म्हणालो असतो, शेगडी काढा. हिशेब कळला नसता, तर तुम्ही परत तार जोडली असतीत." घास गिळून म्हणाले, "डबे दुसऱ्या कुणी केले असते, वहिनी."

मला वाईट वाटलं नाही. मी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.